मेणातलं फुप्फुस

१

शनिवारी सकाळी साडेनऊला मी कपाट उघडलं आणि सत्तेचाळीस नंबरचा ब्लॉक जागेवर नव्हता.

मी सविता. नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीची टेक्निशियन म्हणून सत्तावीस वर्षं घासते आहे. शरीराचा तुकडा आला की तो मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे माझं काम. मेणात बसवलेल्या तुकड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. काड्यापेटीच्या निम्म्याएवढी वस्तू, पण ती हरवली तर माणूस हरवल्यासारखं होतं, कारण तो तुकडा दुसऱ्यांदा मिळत नाही.

माझ्या हातून आजवर एकही ब्लॉक गहाळ झालेला नाही. मी खडूस आहे, तोंडाची फटकळ आहे, हे सगळं खरं. पण माझं कपाट चोख असतं. त्यामुळे शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधली ती रिकामी खाच मी दोनदा बोट घालून चाचपली.

आणि गेला तोही नेमका सत्तेचाळीस. तो पूजाच्या बाळाचा होता.

पूजा आणि योगेश कळवणकडचे. योगेश अंबडला कंपनीत कामाला, सातपूरला खोली. पहिली मुलगी अकरा दिवस जगली, दुसरा मुलगा नऊ दिवस. दोघांनाही श्वास पुरला नाही. मुलगा गेला तेव्हा योगेशने सही दिली म्हणून त्याच्या फुप्फुसाचा एक तुकडा आमच्याकडे राहिला. आता पूजाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. एकवीस आठवडे. पोटातल्या पाण्याचा नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊन पडला होता आणि तिथले लोक म्हणत होते, गेलेल्या बाळाचा तुकडा पाठवा, तो जुळवल्याशिवाय आम्ही ठाम काही सांगणार नाही. सोमवारी सकाळी कुरियर निघणार होतं. उत्तराला दोन आठवडे. चोवीस आठवडे उलटले की निर्णय त्या दोघांच्या हातात राहत नाही, मग मेडिकल बोर्ड आणि कोर्ट.

ब्लॉक गेला म्हणजे पूजाने नऊ महिने वाट बघायची आणि मग अकरा दिवस मोजायचे. नाहीतर नऊ.

मी कप्पा बाहेर ओढला. खाचेच्या कडेला पांढरे खडे पडले होते, तीन-चार. त्याच बाळाच्या रंगवलेल्या काचाही ट्रेमधून गेल्या होत्या. कुलूप मात्र शाबूत होतं.

२

किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी डॉ. शेखरांच्या केबिनमध्ये खिळ्याला.

पण आधी मी चैतालीला धरलं. ही आमची पीएच.डी.ची मुलगी. हुशार आहे, पण काम करताना टेबलाचा उकिरडा करते. जन्माआधी फुप्फुस कसं तयार होतं, आणि त्यात पेशींना चिकटवून ठेवणारी प्रथिनं कधी कुठे उगवतात, हा तिचा विषय. सोळा आठवड्यांपासून पुढचे गर्भपात झालेले नमुने आयांच्या संमतीने गोळा करून तिने दोन वर्षं काढली आहेत. पूजाच्या बाळाचा घोळ तिनेच पहिल्यांदा ओळखला होता.

"चैताली, हे खडे कसले? मीठ आहे ना? तुझ्या द्रावणाला मीठ लागतं."

तिने एक खडा चिमटीत धरला. "ताई, आमचं मीठ साखरेपेक्षा बारीक येतं. हे जाडं आहे, किराणा दुकानातलं."

"मग सत्तेचाळीस कुठे आहे?"

ती पांढरीफटक पडली. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, सापडली.

"ताई, मी खाल्ला तो ब्लॉक," ती म्हणाली. "काल दुपारी. माझ्या प्रबंधासाठी बारा काप जास्तीचे काढले. तुमच्या वहीत लिहिले नाहीत. एक मिलिमीटरच उरला होता. पण चाचणीला तेवढा पुरतो, मी खात्री केली होती. मी तो परत खाचेत ठेवला, देवाशप्पथ. तुम्ही पाचला कुलूप लावलंत तेव्हा तो होता."

"आणि त्या बारा काचा?"

"झायलीनच्या बाटल्यांमागे लपवल्यात. चपलांच्या खोक्यात."

मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. काचांवरच्या कापांतूनही काम भागलं असतं. मी वाकून मेण विरघळवायच्या त्या बाटल्या सरकवल्या.

खोकं होतं. काचा नव्हत्या.

३

अकरा वाजता पूजा आणि योगेश आले, सोमवारच्या कागदांवर सह्या करायला. ते येणार हे मी विसरूनच गेले होते.

पूजा सत्तावीस वर्षांची असेल. ती बसताना पोटावर हात ठेवत नाही हे मला पहिल्याच भेटीत दिसलं होतं. बाकीच्या बायका ठेवतात. चैतालीने तिला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं, की फुप्फुस आधी झाडासारखं फांद्या फोडत वाढतं, त्या फांद्यांच्या टोकांना पुढे हवेचे फुगे होतात, आणि हे सगळं होताना प्रत्येक पेशी दोन गोष्टी धरून असते, शेजारची पेशी आणि खालचं अस्तर. शेजारणीचा हात धरणारं प्रथिन कॅडहेरिन, अस्तर धरणारं इंटेग्रिन. तिच्या बाळाच्या पेशींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. अस्तर धरणारं काहीच नव्हतं. रंग लागायला हवा तिथे काच कोरी होती.

"म्हणजे पाय ठेवायला जागाच नव्हती त्यांना," पूजा तेव्हा म्हणाली होती. मी सत्तावीस वर्षांत एवढं सोपं करून कोणाला सांगू शकले नव्हते.

मी तिला खरं ते सांगितलं. लपवून काय करणार होते?

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मग आता मी काय करू? पाडू का ठेवू? तुम्ही सांगा. आई तर कालच निघून गेल्या."

"आई कुठे गेल्या?" मी उगाच विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"गावी," योगेश म्हणाला. "पूजाजवळ राहायला आणलं होतं. काल संध्याकाळी एकदम म्हणाली, जनावरं उपाशी असतील, आणि सातची गाडी पकडून गेली. मॅडम, अजून एक दिवस आहे ना? सापडेल ना?"

मी म्हटलं सापडेल. मग सह्यांचे कागद पुढे केले. 

४

डॉ. शेखर आमचे विभागप्रमुख. ह्याच बाळाचा पहिला अहवाल त्यांनी दिला होता आणि त्यात मृत्यूचं कारण संसर्ग असं लिहिलं होतं. मुंबईहून चाचणी झाली असती तर त्यांची चूक चव्हाट्यावर आली असती. दुसरी किल्ली त्यांच्याच केबिनमध्ये. मी दार न वाजवताच आत गेले.

"सर, स्पष्ट विचारते. राग येईल तर येऊ द्या. ब्लॉक तुम्ही हलवलात का?"

त्यांनी चष्मा काढला. मग खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. दुरुस्ती अहवाल होता. 'आधीचे निदान चुकीचे होते' असं स्वच्छ लिहून खाली सही आणि गुरुवारची तारीख.

"हा योगेशला परवाच दिला," ते म्हणाले. "चुकलं ते मान्य करून मोकळा झालो, सविताताई. आता मला लपवायला काय आहे? आणि काल दिवसभर मी इगतपुरीच्या शिबिरात होतो, रात्री परस्पर घरी गेलो. आता पोलिसांना कळवू या."

"संध्याकाळपर्यंत थांबा. पोलीस पंचनामा करत बसतील, आणि सोमवार निघून जाईल."

ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंतच."

मी परत प्रयोगशाळेत आले आणि काप काढायच्या यंत्रासमोर स्टूल ओढून बसले. दुपारचा डबा उघडला. समोर दोन यंत्रं. काप काढताना मेणाचा कीस पडतो, तो खालच्या तबकात साठतो. आमचा शिपाई नवनाथ तो कधीतरी उचलतो. कधीतरी म्हणजे सोमवारी, आणि तेही मी दहादा बोंबलल्यावर. आता डावीकडच्या यंत्राचं तबक किसाने भरलेलं होतं.

उजवीकडचं तबक पुसून लख्ख केलेलं होतं. चैतालीने काल सत्तेचाळीस कापला तो ह्याच यंत्रावर.

५

तिथेच माझा हात डब्यावर थांबला.

पुरावा नष्ट करायला आलेला माणूस ब्लॉक नेईल, फार तर काचा नेईल. तबकातला कीस कशाला वेचेल? कीस त्यालाच हवा, ज्याला त्या बाळाचा कणही मागे राहू द्यायचा नाही. हा चोर काही लपवत नव्हता. तो गोळा करत होता.

आणि मीठ. जाडं मीठ.

माझ्या थोरल्या बहिणीचं पहिलं मूल चौथ्या दिवशी गेलं तेव्हा मी दहावीत होते. वडील दुकानातून खड्या मिठाची पिशवी घेऊन आले होते. मला कळेना मीठ कशाला. आई म्हणाली, लहान लेकराला जाळत नाहीत गं, पुरतात, आणि पुरताना मीठ घालतात. ती पिशवी मीच उचलून त्यांच्या हातात दिली होती. इतक्या वर्षांत मला ती आठवली नव्हती.

कोणीतरी त्या ब्लॉकला मूठमाती देणार होतं. कदाचित दिलीही होती.

बाटल्यांमागचं खोकं कोणाला ठाऊक होतं? शेखर सरांना नाही, मलासुद्धा नाही. झायलीनचे कॅन खालून वर आणून त्या जागी लावतो तो एकच माणूस. केबिनमध्ये झाडू मारताना खिळ्याची किल्ली ज्याच्या नाकासमोर लटकते, तोही तोच.

नवनाथ जिन्याखाली चहा पीत होता. पन्नाशीचा, शांत, आमच्याकडे वीस वर्षं शिपाई. मला बघून त्याने कप खाली ठेवला.

"नवनाथ, पुरलंय की अजून पुरायचंय?"

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "सकाळीच पुरलं असंल, मॅडम. उन्हं वर यायच्या आत पुरती म्हणली होती."

"कोण?"

"म्हातारी. बुधवारची. तुम्ही बोलला ना तिच्याशी?"

६

बोलले होते. बुधवारी दारातल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तीन नमुने तुंबले होते, एक यंत्र बिघडलं होतं, आणि ती दर पाच मिनिटांनी आत डोकावत होती. शेवटी तिने विचारलं, "बाई, बाळाचा तुकडा हाय म्हनं तुमच्याकडं. तो माघारी मिळंल का?"

मी मान वर न करता म्हटलं होतं, "परत कुठला, आजी? काम झालं की पिवळ्या पिशवीत. दुपारी गाडी येते, भट्टीत जाळतात. चला, इथे बसू नका."

ते खरंसुद्धा नव्हतं. पिवळ्या पिशवीत बरणीतलं उरलंसुरलं जातं. ब्लॉक आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो. पण खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि खोट्याने म्हातारी लगेच उठणार होती. ती उठली. मी विसरून गेले. ती कोणाची कोण, हेही मी विचारलं नव्हतं.

"पूजाबाईची सासू," नवनाथ म्हणाला. "भिमाबाई. तुम्ही बोलल्यावर ती खाली येऊन ह्याच पायरीवर बसली. म्हणाली, माझं नातरू अर्धं शेतात हाय आन् अर्धं तुमच्या कपाटात. अर्ध्याला माती दिली, आता अर्ध्याला आग देनार का? माझ्या आईच्या वयाची बाई, मॅडम, माझ्या पाया पडली. शुक्रवारी फडकं आन् मीठ घेऊन आली, म्हणाली ह्यात गुंडाळ, भुगा पण ठेवू नको. मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"तुम्हाला?" तो एवढंच म्हणाला.

लाज वाटणं म्हणजे काय, ते मला बावन्नाव्या वर्षी त्या जिन्याखाली कळलं. मी सरांना फोन करून सांगितलं की पोलीस नकोत, चोर सापडलाय आणि तो निम्मा मीच आहे.

७

रविवारी सकाळी योगेशने मित्राची गाडी आणली. पूजा म्हणाली, मी येणारच. दिंडोरी, वणी करत कळवण गाठलं. वाटेत योगेशने एकदाच तोंड उघडलं, "आईला मी चाचणीचं सांगितलंच नव्हतं. म्हटलं तिला काय कळणार." 

गाव कळवणच्या पुढे. शेताच्या बांधाला एक बोरीचं झाड, त्याखाली दोन लहान दगड. दुसऱ्या दगडाजवळची माती ताजी होती. भिमाबाई तिथेच बसली होती. आम्हाला येताना पाहून ती उठली आणि त्या मातीवर आडवी उभी राहिली.

"न्हाय द्यायचं," ती म्हणाली. "पोलीस आना नायतर कलेक्टर आना. एकदा निजवलेलं लेकरू उकरीत नसत्यात."

मी तिच्यासमोर मातीत बसले. "आजी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो तुकडा जाळणार नव्हतो. तुम्हाला वाटेला लावायला बोलले. माझं चुकलं."

 "तू ती व्हय," ती म्हणाली. "मान खाली घालून बोलनारी."

"हो. तीच."

"मंग आता वर बघून सांग. कशाला पायजे तो?"

मी सांगितलं. पूजा म्हणाली होती तसंच सांगितलं, की त्याच्या पेशींना पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पोटातल्याला ती आहे का नाही हे ह्या तुकड्याशी जुळवून बघितल्याशिवाय कळणार नाही. त्याच्याशिवाय दुसरं कोणी हे सांगू शकत नाही. उद्या सकाळी पाठवलं तरच वेळेत.

"आन् तिथंबी नाय म्हनली जागा, तर?"

 उत्तर पूजाने दिलं. "तर आई, तिसरा दगड लागायच्या आधी आपल्याला कळेल. मला आता मशीनला लावलेलं लेकरू बघवणार नाही. मी मरून जाईन."

 योगेश फावडं घेऊन पुढे झाला तर भिमाबाईने त्याला हाताने मागे सारलं. मग ती खाली बसली आणि बोटांनी माती काढायला लागली. पूजाही बसली. पोट सांभाळत, एक हात जमिनीला टेकून. सासू-सुना दोघी माती काढत होत्या आणि मी, जिने आयुष्यभर असले तुकडे नंबर घालून कप्प्यात ठेवले, मी रडत होते.

पांढरं फडकं वीतभरच खाली होतं. मिठाने चिकट झालेलं. काचांचा चुरा झाला होता, पण मेण तसंच होतं, घट्ट. मी ब्लॉक उजेडात धरला. तळाशी फिकट करडा पापुद्रा दिसला. मिलिमीटरभर फुप्फुस.

"भुगा आन् काचा राहू द्या हितं," भिमाबाई म्हणाली. "तेवढं तरी त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्या." आम्ही फडकं परत पुरलं.

८

सोमवारी कुरियर गेलं. मी माझ्या हाताने अर्ज लिहून दिला की नातेवाइकाला चुकीची माहिती दिल्यामुळे हा प्रकार घडला आणि ती माहिती मी दिली. नवनाथला ताकीद मिळाली, मलाही. चैतालीने बारा काप वहीत चढवले आणि पुढे 'नष्ट' असं लिहिलं.

मग ते दिवस. मला वाटायचं वाट बघणं हे त्या दोघांचं काम आहे, पण मी रोज सकाळी उठले की आधी आठवडे मोजायची. बावीस. बावीस आणि तीन दिवस. पूजाचा रोज फोन यायचा, आणि ती काही विचारायची नाही. नुसतं "ताई, आहात ना?" म्हणायची आणि ठेवायची. एका दुपारी तिने सांगितलं, "आज हाललं आत. मी हात लावला नाही." मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

तेवीस आठवडे आणि दोन दिवस झाले तेव्हा अहवाल आला. शेखर सरांनी वाचला, चैतालीने वाचला, मग मी दोघांकडून दोनदा वाचून घेतला. गेलेल्या मुलात अस्तर धरणाऱ्या प्रथिनाची दोन्ही जनुकं बिघडलेली होती, एक आईकडचं, एक बापाकडचं. त्याच्याशी जुळवून बघितल्यावरच नेमका दोष कुठे ते ठरलं होतं. पोटातल्या बाळात बापाकडचं एकच बिघडलेलं होतं. आईकडचं चांगलं. एक चांगलं पुरतं.

"ताई, फोन तुम्ही करा," शेखर सर म्हणाले.

फोन भिमाबाईने उचलला. ती परत सातपूरला आली होती. पूजा न्हाणीत आहे म्हणाली. मला दम निघेना, मी तिलाच सांगितलं. ह्याच्या पेशींना जागा आहे, आजी. हा श्वास घेईल.

 

"बाई," ती म्हणाली, "हे कुनी सांगितलं? त्या मशीननं का?"

"मशीनला एकट्याने कळलं नसतं. तुमच्या नातवाचा तुकडा होता म्हणून कळलं."

"म्हनजी त्यानं सांगितलं," भिमाबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला. "नऊ दिवसाचा होता गं. एक सबुद बोलला न्हवता कधी."

"हो, आजी," मी म्हटलं, "त्यानेच सांगितलं." मग मी तिला पूजाला बोलवायला सांगितलं आणि फोन कानाला लावून थांबले.